अनुदान की सहाय, मानधन की वेतन, वळतर की सवलत? सरकारी पैशाच्या सारख्या वाटणाऱ्या शब्दांतला फरक

वडोदरा : नंदुरबारकडची एखादी विधवा बाई मुलाच्या नोकरीमुळे बडोद्याला राहायला येते. गावी तिला दर महिन्याला खात्यात पैसे येत होते. गावात त्याला सगळे ‘निराधारचा पगार’ म्हणायचे. इथल्या मामलतदार कचेरीत फॉर्म भरताना रकाना येतो, ‘पेन्शन मळे छे?’ बाई म्हणते, हो. पुढचा रकाना, ‘अन्य कोई सहाय?’ बाई म्हणते, नाही. दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत आणि दोन्ही चुकीची. कारण तिला मिळत होतं ते ना पगार होतं, ना पेन्शन. महाराष्ट्राच्या कागदावर ते ‘अनुदान’ होतं, आणि गुजरातच्या कागदावर त्याच प्रकारच्या पैशाला ‘सहाय’ म्हणतात.

सीमाभागात आणि बडोदे, सुरत, नवसारी इथल्या मराठी घरांत ही गल्लत नेहमीची आहे. शब्द ओळखीचे वाटतात म्हणून कुणी अर्थ विचारत नाही, आणि मग अर्ज अडकतो, हक्काचे पैसे उपकार म्हणून घेतले जातात, किंवा कर्ज फुकटचे समजून उचललं जातं. म्हणून दोन्ही राज्यांच्या कागदपत्रांत दिसणारे हे शब्द एकत्र समजून घेतलेले बरे.

आधी तीन प्रश्न

कुठलाही शब्द समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात. एक, हा पैसा कशाबद्दल मिळतोय: केलेल्या कामाबद्दल, झालेल्या नुकसानीबद्दल, की गरजेपोटी? दोन, हा कायद्याने मागता येणारा हक्क आहे की देणाऱ्याच्या मर्जीवर आहे? तीन, परत करायचा आहे का, आणि काही अट मोडली तर परत मागतील का? या तीन उत्तरांवरून शब्दाची जात कळते. नाव काहीही असो.

अनुदान आणि सहाय

मराठीत ‘अनुदान’ हा शब्द फार पसरट झाला आहे. शाळेला सरकार पैसे देतं ते अनुदान, ठिबकच्या संचावर सूट मिळते ते अनुदान, निराधाराला महिन्याला मिळतं तेही अनुदान. गुजरातमध्ये हे तीन वेगवेगळ्या नावांनी चालतं. शाळा असेल तर ‘ग्रान्टेड’, शेतीची अवजारं किंवा ठिबक असेल तर ‘सबसिडी’ नाहीतर ‘सहाय’, आणि निराधार, विधवा, वृद्ध यांना मिळणारी ‘आर्थिक सहाय’. गुजरातमध्ये सूक्ष्म सिंचनाचं काम बघणारी गुजरात ग्रीन रिव्होल्युशन कंपनी बडोद्याच्या फर्टिलायझरनगरात आहे. तिकडे ‘अनुदान क्यां मळशे’ असं विचारलं तर समोरचा क्षणभर थांबतो, ‘सहाय’ म्हटलं की लगेच कळतं.

विधवा महिलांचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. २०२३ मध्ये रक्कम १,५०० रुपये महिना झाली. त्यासाठी किमान १५ वर्षं महाराष्ट्राचा रहिवास लागतो. गुजरातमध्ये आधी ‘विधवा सहाय’ होती, २०१९ मध्ये तिचं नाव ‘गंगा स्वरूपा आर्थिक सहाय योजना’ झालं, आणि रक्कम १,२५० रुपये महिना. ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न १,२०,००० आणि शहरात १,५०,००० रुपयांपर्यंत अशी मर्यादा आहे, आणि पुनर्विवाह केला नसल्याचा दाखला द्यावा लागतो. दोन्ही पैसे एकाच गरजेसाठी आहेत. दोन्ही राज्यांतून एकदम घेणं म्हणजे खोटी माहिती देणं. गाव सोडताना जुनी नोंद बंद करून घ्यावी, नाहीतर आधारला जोडलेल्या खात्यावर ते उघडं पडतं आणि वसुलीची नोटीस येते.

‘व्याज सहाय’ आणि ‘व्याज परतावा’ हीसुद्धा अशीच जोडी. गुजरातमध्ये कर्जावरच्या व्याजाचा भार सरकार उचलतं त्याला व्याज सहाय म्हणतात. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या योजनेत त्याला व्याज परतावा म्हणतात. परतावा या शब्दात एक खूण आहे: हप्ता आधी आपण भरायचा, मग व्याज परत मिळतं. हप्ता थकला तर परतावाही थांबतो.

पेन्शन, निवृत्तिवेतन आणि बोलीतला ‘पगार’

निवृत्तिवेतन म्हणजे नोकरी करून निवृत्त झाल्यावर मिळणारं वेतन. सुप्रीम कोर्टाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात स्पष्ट केलं की पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नाही, ती आधी केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे. म्हणूनच १७ डिसेंबर हा पेन्शनर्स दिन म्हणून पाळतात.

आता घोळ असा की सरकारने गरजेपोटी देण्याच्या पैशालाही हेच नाव दिलं. महाराष्ट्रातली श्रावणबाळ योजना कागदावर ‘राज्य निवृत्तिवेतन योजना’ आहे. केंद्राची इंदिरा गांधी योजना ‘वृद्धापकाळ निवृत्तिवेतन’ आहे, ज्यात केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयाला २०० रुपये आणि ८० नंतर ५०० रुपये, बाकी राज्य घालतं. गुजरातमध्ये तीच योजना ‘वय वंदना’ या नावाने ओळखली जाते. यातल्या लाभार्थ्याने कधी नोकरी केलेली असायची गरज नाही.

तिसरा प्रकार कुटुंब निवृत्तिवेतन. नोकरदार गेल्यावर बायकोला किंवा मुलांना मिळतं ते. बँकेच्या पासबुकात तिन्ही ठिकाणी ‘पेन्शन’ एवढंच छापलेलं असतं. आयकराच्या हिशेबात मात्र फरक पडतो. स्वतःच्या नोकरीचं पेन्शन ‘पगार’ या सदरात जातं, कुटुंब निवृत्तिवेतन ‘इतर उत्पन्न’ या सदरात, आणि त्यातून वेगळी वजावट मिळते. फॉर्मवर पेन्शन विचारलं तर कुठलं ते लिहावं: सेवेचं, कुटुंबाचं, की योजनेचं. ‘आवकनो दाखलो’, म्हणजे आपला उत्पन्नाचा दाखला, काढताना हे स्पष्ट लिहिलं तर पुढे कुणी बोट ठेवत नाही.

मानधन की वेतन: दाहोदचा निकाल

‘मान’ देऊन जे ‘धन’ देतात ते मानधन. सभेत बोलायला बोलावलेल्या पाहुण्याला देतात तसं. गुजरातीत ‘मानद वेतन’. पण अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांनाही सरकार वर्षानुवर्षं हेच देत आलं. रोज ठरलेल्या वेळी केंद्र उघडायचं, मुलांना खाऊ घालायचं, वजनं घ्यायची, रजिस्टर लिहायचं, आणि मिळतं ते मानधन. शब्द मानधन असल्यामुळे त्या नोकरदार नाहीत, नोकरदार नाहीत म्हणून ग्रॅच्युइटी नाही, असा युक्तिवाद होत राहिला.

गुजरातच्या दाहोद जिल्ह्यातून हे प्रकरण वर गेलं. निवृत्त झालेल्या सेविकांनी १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली दावा केला. खालच्या प्राधिकाऱ्याने तो मान्य केला, हायकोर्टाच्या खंडपीठाने फेटाळला. शेवटी २५ एप्रिल २०२२ रोजी सुप्रीम कोर्टात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी सेविकांच्या बाजूने निकाल दिला. कोर्टाने म्हटलं की नाव मानधन असलं तरी ते कामाचा मोबदला आहे आणि ग्रॅच्युइटी कायद्याच्या अर्थाने ते वेतनच आहे. थकलेल्या रकमेवर दरसाल १० टक्के सरळ व्याज द्यायलाही सांगितलं.

एका शब्दामुळे अडलेली म्हातारपणाची पुंजी त्या शब्दाचा अर्थ बदलल्यावर मोकळी झाली. ग्रॅच्युइटीला मराठी सरकारी भाषेत ‘उपदान’ म्हणतात. ‘अनुदान’ आणि ‘उपदान’ वाचताना सारखे दिसतात, पण उपदान सेवेच्या वर्षांवर मोजलं जातं आणि हक्काने मागता येतं.

शिष्यवृत्ती, विद्यावेतन आणि बडोद्याचा करार

शिष्यवृत्ती म्हणजे शिकण्यासाठी दिलेली मदत. विद्यावेतन म्हणजे शिकता शिकता काम करणाऱ्याला मिळणारा पैसा: अप्रेंटिस, इंटर्न डॉक्टर वगैरे. गुजरातमध्ये विद्यावेतनाला सर्रास ‘स्टायपेन्ड’ म्हणतात. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१६) मध्ये शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त धरली. विद्यावेतन कामाच्या बदल्यात असेल तर ही सूट आपोआप मिळत नाही. म्हणून पत्रावर कुठला शब्द आहे ते बघून ठेवावं.

शिष्यवृत्तीलाही अटी असतात, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण याच शहरातलं आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, अशी शिष्यवृत्ती दिली. सोबत करार होता की परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्यात आले. पण जातीमुळे शहरात त्यांना राहायला जागासुद्धा मिळू दिली नाही, आणि थोड्याच दिवसांत त्यांना निघून जावं लागलं. करारातली नोकरी अशी सुटली, आणि ज्याला शिष्यवृत्ती म्हटलं होतं ती रक्कम पुढे संस्थानच्या दप्तरात वसुलीचा विषय झाली.

म्हणजे शिष्यवृत्ती कधी निखळ मदत असते, कधी तिच्यात बंधपत्र दडलेलं असतं. आजही परदेशी शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या अटीच्या योजनांत सही करण्याआधी ‘अट मोडल्यास’ हा परिच्छेद वाचावा. गुजरातीत त्याला ‘शरतभंग’ म्हणतात. अटीला ‘शरत’ म्हणतात, पैजेशी त्याचा संबंध नाही.

खावटी: इकडे अनुदान, तिकडे कर्ज

सीमाभागात सगळ्यात महाग पडणारा शब्द हा. महाराष्ट्रात आदिवासी विकास महामंडळाची खावटी योजना पूर्वी कर्जाची होती. पावसाळ्यात रोजगार नसताना घरात धान्य असावं म्हणून ते देत. २०२० मध्ये सरकारने ती शंभर टक्के अनुदान म्हणून पुन्हा सुरू केली: कुटुंबाला ४,००० रुपये, त्यातले २,००० रोख आणि २,००० चं धान्य-किराणा. परतफेड नाही.

पण नंदुरबार, धुळे, डांग इथून दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना मुकादम जी ‘खावटी’ देतो, ती उचल आहे. हंगामाच्या शेवटी ती व्याजासकट मजुरीतून कापली जाते. घेतलेल्या पैशाच्या दीडपट कापल्याचंही मजूर सांगतात. शब्द एक, गाव एक, पैसे घेणारी बाईही एकच. एकीकडे सही केली की विषय संपतो, दुसरीकडे अंगठा दिला की सहा महिने कोयता चालवावा लागतो. ‘खावटी’ म्हटलं की देणारा कोण आणि कापणार कधी, हे दोन्ही विचारलेच पाहिजेत. मुकादमाच्या वहीत आकडा लिहिताना समोर वाचून घ्यावा, जमलं तर फोटो काढून ठेवावा.

वळतर, मोबदला, भरपाई, सानुग्रह

बडोद्यात नवीन आलेल्या मराठी माणसाला खादीच्या दुकानावर ‘२० टका वळतर’ अशी पाटी दिसते आणि वाटतं, कुणाचं काय नुकसान झालं? गुजरातीत ‘वळतर’ म्हणजे दुकानातली सूटही आणि नुकसानीची भरपाईही. जमीन संपादनाच्या नोटिशीत ‘वळतर’ आलं तर ते आपलं ‘मोबदला’.

बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा एक्स्प्रेसवेच्या मार्गावर पालघरपासून बडोद्यापर्यंत दोन्ही भाषांतल्या नोटिसा निघाल्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावाने ठरलेल्या रकमेवर आणखी शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. अनेक जण ही रक्कम सरकारची मेहेरबानी समजतात. ती मेहेरबानी नाही, मोबदल्याचाच भाग आहे, आणि नाही मिळाली तर मागता येते. त्याच कायद्याच्या कलम ९६ प्रमाणे असा मोबदला आयकरातून मुक्त आहे. खाजगी वाटाघाटीने थेट विकलेल्या जमिनीला हे सरसकट लागू होत नाही.

नर्मदेच्या सरदार सरोवरात महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली ३३ गावं बाधित झाली. १९७९ च्या लवादाच्या निवाड्यात तर पैशापेक्षा जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, असं तत्त्व आलं. म्हणजे ‘मोबदला’ रोखच असतो असंही नाही.

सानुग्रह मदत ही वेगळी. अपघात झाला की सरकार ताबडतोब जाहीर करतं ती. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. राज्याने प्रत्येकी चार लाख आणि पंतप्रधान निधीतून दोन लाख जाहीर झाले. गुजरातीत त्याला ‘सहाय’ म्हटलं गेलं. पण ही मदत म्हणजे भरपाई नव्हे. चूक कुणाची, नुकसान किती, हे ठरवून दोषीकडून मिळते ती भरपाई, आणि ती मागायचा हक्क सानुग्रह मदत घेतल्याने जात नाही. चेक घेताना ‘आता काही दावा नाही’ असा कागद पुढे आला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवावा.

कोविडचे ५०,००० रुपये याच प्रकारातले. ३० जून २०२१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निर्देशानंतर ते ठरले. महाराष्ट्राने ‘सानुग्रह सहाय्य’ म्हटलं, गुजरातने ‘सहाय’. नावात अनुग्रह असला तरी तो कोर्टाच्या आदेशाने मिळालेला पैसा होता.

रस्ता अपघातात आणखी एक गोष्ट कामाची. नंदुरबारच्या माणसाचा भरुचजवळ अपघात झाला तर दावा भरुचलाच करावा लागतो असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे दावेदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो. गाडी सापडलीच नाही तर ‘हिट अँड रन’ योजनेत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये आहेत.

पोटगी, खाधाखोराकी, निर्वाह भत्ता

मराठीत ‘पोटगी’ म्हटलं की नवऱ्याने टाकलेल्या बायकोला मिळणारा पैसा डोळ्यांसमोर येतो. गुजरातीत त्याला ‘भरणपोषण’ आणि बोलीत ‘खाधाखोराकी’ म्हणतात. बडोद्याच्या फॅमिली कोर्टाच्या समन्सवर ‘भरणपोषणनी अरजी’ लिहिलेलं असेल तर ते पोटगीचंच प्रकरण आहे. मुलांचं पालनपोषण कुणी करायचं, म्हणजे ताबा, याचं ते समन्स नाही. या गैरसमजाने घाबरून माहेरची माणसं धावपळ करतात.

पूर्वी ज्याला सगळे ‘१२५ ची केस’ म्हणायचे, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. बायको जिथे राहते तिथेही हा अर्ज करता येतो, म्हणजे माहेर धुळ्याचं आणि सासर बडोद्याचं असलं तरी धुळ्यात अर्ज चालतो. सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सांगितलं की दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. प्रतिज्ञापत्राला इथे ‘सोगंदनामुं’ म्हणतात.

आईवडिलांनाही मुलांकडून निर्वाहाचा पैसा मागता येतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत रक्कम ठरवता येते. मराठीत आईबापांच्या बाबतीत ‘पोटगी’ म्हणायला जीभ धजत नाही, म्हणून अनेक जण हा हक्क आहे हेच मानत नाहीत.

‘निर्वाह भत्ता’ मात्र नोकरीतला शब्द. चौकशीसाठी निलंबित केलेल्या कामगाराला तो मिळतो. कारखान्यांना लागू असलेल्या १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यात पहिले ९० दिवस वेतनाच्या निम्मा आणि उशीर कामगारामुळे नसेल तर पुढे ७५ टक्के असं प्रमाण दिलं होतं.

भत्ता आणि भथ्थुं

नाशिक-नगरकडे भत्ता म्हणजे कुरमुऱ्याचा चटकदार खाऊ, कागदात बांधून मिळणारा. नोकरीत भत्ता म्हणजे पगाराला जोडून ठराविक खर्चासाठी मिळणारी रक्कम: महागाई, प्रवास, घरभाडं. गुजरातीत ‘भथ्थुं’, उदाहरणार्थ ‘मोंघवारी भथ्थुं’. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने मागणी केल्यावर १५ दिवसांत काम न दिल्यास बेरोजगारी भत्त्याची तरतूद केली. तो मागूनच घ्यावा लागतो, त्यासाठी काम मागितल्याची तारखेची पावती हवी.

जुन्या दप्तरातले शब्द

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत ट्रंकेतून निघणाऱ्या कागदांत ‘वर्षासन’, ‘नेमणूक’, ‘तनखा’ असे शब्द सापडतात. वर्षासन म्हणजे वर्षाला ठरवून दिलेली रक्कम. तनखा म्हणजे ठरलेला नियमित पैसा. संस्थानं विलीन झाल्यावर राजांना मिळणाऱ्या पैशाला मराठीत ‘तनखे’ म्हणाले आणि गुजरातीत ‘सालियाणां’. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने ते बंद झाले. हिंदीतली ‘तनख्वाह’ मात्र साधा पगार.

हा भाषांचा घोळ संस्थानालाही माहीत होता. म्हणून १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश बडोद्यात निघाला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी अशा भाषांतले पर्याय शेजारी शेजारी दिलेले. एकच कागद वेगळ्या भाषेच्या माणसाला नीट कळावा, ही गरज तेव्हाही होती.

खिडकीवर उभं राहताना

जिथे शब्दाचा संशय येईल तिथे योजनेचं पूर्ण नाव, देणारं राज्य आणि रक्कम लिहावी. ‘पेन्शन’ एवढंच न लिहिता ‘संजय गांधी निराधार योजना, महाराष्ट्र, दरमहा १,५००’ असं लिहिलं की कुठल्याही भाषेच्या कारकुनाला कळतं. ‘सहाय’ म्हटलं म्हणून लाजायचं कारण नाही, आणि ‘मानधन’ म्हटलं म्हणून हक्क सोडायचं कारण नाही. मंजुरीच्या पत्राची झेरॉक्स राज्य सोडतानाही सोबत ठेवावी. त्या पत्रावर जो शब्द छापलेला असतो, पुढे भांडायची वेळ आली तर तोच विचारला जातो.